मित्राने ठेवायला दिलेली बाटली: सील शाबूत, पण पातळी उतरली आहे

वाशीचा_नाना

नमस्कार मंडळी. वाशी सेक्टर ९ मधली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. घर रिकामं करून कोपरखैरण्याला भाड्याच्या जागेत जायचं आहे. बांधाबांध चालू असताना एका बाटलीपाशी अडलो आहे.

बाटली जॉनी वॉकर स्विंग या स्कॉच व्हिस्कीची. १९९१ साली माझ्या मित्राने सिंगापूरहून आणली. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो मालवाहू जहाजांवर इंजिनिअर झाला आणि मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला लागलो. त्याची आई माळकरी, त्यामुळे त्या घरात दारूची बाटली नेणं शक्यच नव्हतं. तो विमानतळावरून थेट आमच्याकडे आला, जेवणाच्या टेबलावर बाटली ठेवली आणि बोटाने हलकेच ढकलली. हिचा तळ सपाट नसतो, गोलसर असतो. ती पुढे-मागे डोलत राहिली आणि मग आपोआप सरळ उभी राहिली. माझा मुलगा तेव्हा लहान होता, तो "परत, परत" म्हणून मागे लागला. मित्र म्हणाला, "ही तुझ्याकडे ठेव. माझं स्वतःचं घर झालं की वास्तुशांतीच्या रात्री दोघं मिळून फोडू."

घर झालं, ऐरोलीला. पण आई त्याच्याकडेच राहायला आली, मग तो विषय कसा निघणार? पुढे त्याच्या बोटी, माझ्या शिफ्ट. २००९ मध्ये तो गेला, हार्ट अटॅकने. बाटली आमच्या कपाटातच राहिली. बायको तिला आजही "भावोजींची बाटली" म्हणते आणि दर दसऱ्याला पुसून ठेवते.

आता त्याच्या मुलीने उलव्याला फ्लॅट घेतला आहे आणि लवकरच वास्तुशांती आहे. बातमी कळल्यापासून बाटली डोक्यातून जात नाही. मित्राच्या घराण्यात पुन्हा एक घर होतंय.

अडचण अशी. तो गेला त्या वर्षी मी व्हिस्कीच्या पातळीला धरून बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावली होती. प्लांटमध्ये टाकीवर खूण करायची सवय, दुसरं काही नाही. काल बघितलं तर पातळी त्या पट्टीच्या सेंटिमीटरभर खाली आहे. सील जसंच्या तसं आहे, बूच कोणी हलवलेलं नाही. तरी ही बाटली वहिनींसमोर ठेवताना मला फार संकोच वाटेल. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू कमी भरली, हे मला सहन होत नाही.

तर मला विचारायचं आहे की बंद बाटलीतून व्हिस्की जाते कुठे, आणि ती अजून पिण्यालायक असेल का? दुसरं, बाटलीवर हक्क कुणाचा? मुलीला तशीच नेऊन द्यावी, की मित्राच्या शब्दाप्रमाणे उघडावी? वहिनींनी सासूबाईंच्या मागे स्वतः माळ घातली आहे, हेही लक्षात घ्या.

जाता जाता, मुलाने पहिल्या पगारातून दिलेली अमृत फ्यूजन ही आपल्याकडची व्हिस्कीही घरात आहे. ती आणखी दहा वर्षं ठेवली तर मुरेल का?

---

घंटाळीचा_अभि

नाना, आधी मनातली ती बोच काढून टाका. व्हिस्की हवेत गेली आहे. बूच म्हणजे झाडाची साल. ती वर्षानुवर्षं कोरड्या बाजूने आकसते आणि बुचाच्या कडेने वाफ थोडीथोडी निसटते. सील शाबूत असलं तरी ते हवाबंद असतंच असं नाही. त्यात तुमचं कपाट वाशीत. एप्रिल-मे मध्ये बंद खोली दिवसभर तापते आणि रात्री जरा निवते. तापलं की बाटलीतली हवा फुगून बाहेर पडते, निवलं की बाहेरची आत येते. असं वर्षानुवर्षं चाललं तर सेंटिमीटरभर काहीच नाही. लिलावात येणाऱ्या जुन्या बाटल्यांचं वर्णन करतानाही पातळी कुठवर आहे ते मुद्दाम लिहितात, इतकी ही नेहमीची गोष्ट आहे. तुमची पट्टी वहिनींना जरूर दाखवा. मला तर ती पट्टी म्हणजे तुम्ही बाटली किती जपलीत याचा पुरावाच वाटतो.

पिण्यालायक आहे का? बहुतेक आहे. स्कॉच किमान ४० टक्के अल्कोहोलची असते, ती नासत नाही. बाटली उजेडासमोर धरून बघा. गढूळपणा नको, तरंगणारे कण नकोत. बुचाचे तुकडे दिसले तर घाबरू नका, ते गाळता येतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं, त्यामुळे चव थोडी मवाळ झाली असेल. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलं असं समजा. तो वास नसेल तर निर्धास्त प्या.

मुरण्याबद्दल. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात, काचेत नाही. लेबलवर १२ वर्षं असं असेल तर त्यातली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षं पिंपात होती एवढाच अर्थ. ती १९९१ ला बाटलीत भरली असली तरी आज १२ वर्षांचीच. स्विंगवर तर वर्षाचा आकडाच नसतो. पिंपात मात्र हवामानाचा खेळ मोठा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बेंगळुरूच्या उष्म्यात अमृतची दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून आपल्याकडची माल्ट व्हिस्की कमी वर्षांत तयार होते. तुमची फ्यूजन बाटलीत भरली तेव्हाच तयार होती. दहा वर्षं ठेवून तुमच्या पदरात काही जास्त पडणार नाही, उलट थोडी उडेल. मुलगा घरी आला की त्याच्याबरोबर उघडा.

हलवताना स्विंग टेम्पोत देऊ नका. टॉवेलात गुंडाळून उभी धरून स्वतः मांडीवर न्या. आडवी अजिबात नको. वाइन आडवी ठेवतात ते बूच ओलं राहावं म्हणून. व्हिस्कीतलं कडक अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. उघडताना बूच ओढू नका, एका हाताने बूच स्थिर धरून बाटली हळूहळू फिरवा. इतकं जुनं बूच अर्ध्यात तुटण्याचीच शक्यता जास्त. स्वच्छ मलमलचं कापड आणि दुसऱ्या बाटलीचं धुऊन वाळवलेलं बूच आधीच हाताशी ठेवा.

---

बेलापूर_किल्ला

मीही बोटीवर होतो, डेकवर. स्विंग १९३२ ची, मोठ्या प्रवासी बोटींसाठीच काढलेली. बोट हलली की बाटली डोलते पण आडवी होत नाही. आमच्या वेळी परतताना ही आणणाऱ्याला घरी काय दाखवायचं याचा प्रश्न पडत नसे.

नाना, माझं मत स्पष्ट आहे. बाटली उघडू नका. शब्द दोघांमधला होता, त्यातला एक नाही. राहिली ती वस्तू, आणि ती त्याच्या वारसाची. जहाजावर कुणी गेला तर त्याच्या केबिनमधल्या सामानाची यादी करून, सील करून ते घरी पाठवतात. त्यातला साबणसुद्धा कुणी वापरत नाही. मुलीला बंद बाटली द्या आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या.

---

कायदेशीर_सल्ला_नव्हे

मधेच एक गोष्ट. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आजही लागू आहे. घरात दारू ठेवायला, नेआण करायला आणि प्यायला परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वाशीहून उलव्याला बाटली नेणार असाल तर परवाना खिशात असू द्या. व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. आणि कुणी "जुनी स्विंग आहे, ऑनलाइन टाका, चांगले पैसे येतील" असं सुचवलं तर ऐकू नका. लायसन्सशिवाय विक्री हा गुन्हा आहे.

---

सीवूड्सची_मानसी

नाना, मी त्या मुलीच्या जागेवरून लिहिते. माझे बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर त्यांचे एक मित्र घरी आले, बाबांचं स्लाइड कॅलिपर आईच्या हातात दिलं, चहा घेतला आणि निघून गेले. कॅलिपर अजून माझ्या टेबलावर आहे. पण ते त्यांच्याकडे कसं गेलं, बाबा त्यावर काय मोजायचे, दोघं कुठे एकत्र काम करत होते, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही, आणि आता विचारायलाही कुणी उरलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून बेलापूरच्या काकांशी मी सहमत नाही. केबिनचं सामान अनोळखी माणसं सील करतात. तुम्ही अनोळखी नाही. बंद बाटली हातात दिलीत तर तिला नुसती दारूची बाटली मिळेल. विमानतळावरून थेट तुमच्याकडे येणं, टेबलावर डोलणारी बाटली, तो शब्द, हे सगळं तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मात्र वास्तुशांतीच्या दिवशी नको. पूजा, भटजी, सासरची मंडळी, आणि वहिनींची माळ. नंतर एखाद्या शनिवारी मुलीला आणि जावयाला तुमच्याकडे बोलवा. आणि सगळ्यात आधी वहिनींना फोन करा. मुलीला परस्पर बोलावलंत आणि त्यांना मागाहून कळलं, तर ते मला बरोबर वाटत नाही.

---

वाशीचा_नाना

सगळ्यांचे मनापासून आभार. अभि, उजेडात धरून बघितली. रंग मधासारखा स्वच्छ आहे, तळाशी बुचाचा थोडा चुरा आहे. मलमल बायकोने काढून ठेवली आहे.

मानसी, तुझं कॅलिपरबद्दल वाचून त्याच संध्याकाळी वहिनींना फोन लावला. कसं बोलावं ते जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "झुलणारी बाटली, तीच ना? मला वाटलं तुम्ही कधीच संपवली असेल. संपवली असती तरी चाललं असतं." मी पातळीचं सांगितलं, पट्टीचंही सांगितलं. त्या बराच वेळ हसत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी आईंना घाबरून आणखी काय काय तुमच्याकडे ठेवलंय ते एकदा सांगा." मग कॅसेट, एक कॅमेरा, जहाजावरचे फोटो, असं आठवेल ते सगळं सांगत बसलो. फोटोंचं पाकीट अजून माझ्याकडे आहे. ते मी विसरलोच होतो, बाटलीच्या नादात हाती लागलं.

त्यांचं म्हणणं असं की उलव्याच्या घरी नको, आमच्याकडे चालेल. त्या स्वतः येतील, जेवतील, पेल्याला हात लावणार नाहीत. मुलगी घेत नाही, जावई घेतो. मुलीला रिकामी बाटली हवी आहे, चिकटपट्टी न काढता.

बेलापूरकर, तुमचं म्हणणं मी दोन्ही बायकांना वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या की वारस मी आहे आणि मी परवानगी देते. तुम्हीही त्याच्यासारखे बोटीवरचे, त्या शनिवारी मोकळे असाल तर कोपरखैरण्याला या. त्याच्याबद्दल जहाजावरच्या भाषेत बोलणारं कुणी असलं तर जावयाला बरं वाटेल.

परवाना माझ्याकडे आजीवन आहे, जावयाला काढायला सांगितला आहे.

एकच विचारायचं राहिलं. आम्ही दोघं-तिघं पिणार म्हणजे निम्मी तरी उरेल. अर्ध्या बाटलीत हवा शिरून चव उतरते म्हणतात. घरात सुनेने दिलेला क्रिस्टलचा डिकँटर (दारू ओतून ठेवायची काचेची सुरई) आहे, त्यात ओतून ठेवली तर चालेल का?

---

घंटाळीचा_अभि

डिकँटर नको, नाना. क्रिस्टलमध्ये शिसं असू शकतं आणि महिनोन्महिने दारू आत राहिली तर ते उतरतं. टेबलावर त्या रात्रीपुरता वापरा, सकाळी रिकामा करा. उरलेली १८० मिलीच्या काचेच्या छोट्या बाटल्यांमध्ये गळ्यापर्यंत भरा, घट्ट झाकण लावा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. बाटल्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या करून घ्या, आधीच्या दारूचा वास राहता कामा नये. एक जावयाला द्या. म्हणजे स्विंग त्याच रात्री रिकामी होईल आणि मुलीला घरी नेता येईल.