मदत हवी आहे: ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना चार सायकली, पाणी आणि जनरेटर नेमके कुठे ठेवावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्वरजवळ राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर) घेऊन ग्रँड टीटन आणि यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांचा प्रवास ठरवला आहे. या वेळी पुण्याहून आलेले आई-बाबा सोबत असल्यामुळे दोन माणसेही वाढली आहेत आणि सामानही. मुक्काम तीन रात्री कोल्टर बे येथील आरव्ही पार्कमध्ये आणि पुढे चार रात्री मॅडिसन कॅम्पग्राउंडवर आहे. कोल्टर बेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. मॅडिसनला यांपैकी काहीच ट्रेलरपर्यंत येत नाही, म्हणून पाण्याची टाकी भरून न्यावी आणि जनरेटरही सोबत ठेवावा, असा आमचा विचार होता.

गेल्या शनिवारी सगळे सामान भरून आणि सहाही जणांना बसवून आम्ही आय-२५ वरून फोर्ट कॉलिन्सच्या दिशेने एक चाचणी फेरी मारली. वेग ताशी ६२ मैल होता. शेजारून एक लांब मालवाहू ट्रक पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरची शेपटी जी डोलू लागली, ती तीन-चार हेलकावे घेऊनही थांबेना. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडीच्या ब्रेकला हात न लावता कंट्रोलरची कळ बोटाने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा कुठे ते प्रकरण शांत झाले. मागच्या रांगेतून बाबा एवढेच म्हणाले, "गाडी उलाळ झाली आहे तुझी," म्हणजे मागे ओझे जास्त होऊन पुढचे टोक हलके झाले आहे. त्यांचे लहानपण सांगली जिल्ह्यात बैलगाडीच्या काळात गेले आहे आणि मला त्यांचे म्हणणे पटले आहे, परंतु उपाय कोणता करावा हे ठरत नाही.

आकडे पुढे देत आहे. गाडी तीन रांगांची मोठी एसयूव्ही असून तिची ओढण्याची क्षमता ८,३०० पौंड आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या पट्टीनुसार माणसे आणि सामान मिळून १,५८० पौंडांपेक्षा जास्त वजन चालत नाही. ट्रेलर २५ फुटी, दुहेरी आसाचा आहे आणि त्याचे कमाल अनुज्ञेय वजन ६,८०० पौंड आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, वजन केले, तेव्हा ट्रेलर एकूण ५,९६० पौंड भरला आणि त्यातले ७६० पौंड हिचवर, म्हणजे गाडीला जोडलेल्या ट्रेलरच्या पुढच्या टोकावर (टंगवर), होते; यालाच टंग वेट म्हणतात. त्या वेळी सायकली लावलेल्या नव्हत्या आणि पाण्याची टाकी रिकामी होती. आईचे तांदूळ, कणीक, डाळी, कुकर आणि एक छोटा खलबत्ता असे सुमारे ९० पौंडांचे सामान मात्र पुढच्या आडव्या स्टोरेजमध्ये होते.

दुसऱ्या दिवशी त्यात जी भर पडली ती अशी: ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅकसह चार सायकली, १८० पौंड, आणि ४० गॅलनची टाकी काठोकाठ. जनरेटर अजून घरीच आहे. सगळे धरूनही ट्रेलर ६,८०० च्या आतच बसतो, मग तो डोलतो का? वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या (टंगवरचा भार वाटून देणाऱ्या जोडणीच्या) दांड्या आणखी एक-दोन कड्या ताणल्या तर हा दोष जाईल का? आणि जनरेटरला जागा कुठे करावी? ट्रेलर विकणाऱ्याने तर "तुमची गाडी आठ हजार ओढते, खुशाल भरा" असे सांगून आमची बोळवण केली होती. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण वजनाचे आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण या विषयावरच्या बहुतेक प्रश्नांमध्ये माहितीपत्रकातले कोरडे, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचे, वजन देऊन लोक मोकळे होतात आणि मग सगळे उत्तर हवेतच राहते. आपल्या वडिलांनी अचूक निदान केले आहे. एकूण वजन मर्यादेत असणे ही एक गोष्ट आहे आणि ते आसाच्या पुढे-मागे कसे वाटले गेले आहे ही वेगळी. अशा ट्रेलरच्या टंगवर त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा लागतो. बैलांच्या मानेवर फार ओझे आले तर बैल दमतात, पण मागे ओझे होऊन जू वर उचलले गेले तर गाडी हाताबाहेर जाते, तोच हिशेब येथे लागू होतो.

आपल्या ट्रेलरमध्ये हिचच्या गोळ्यापासून दोन्ही आसांच्या मध्यापर्यंत अंदाजे १६ फूट अंतर असेल आणि बंपरवरच्या सायकलींचा मध्य आसामागे १० फुटांवर असेल, असे धरून चालतो. हे आपण टेपने मोजून घ्यावे. मग १८० गुणिले १० भागिले १६, म्हणजे सुमारे ११२ पौंड टंगवरून कमी झाले. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा असतो, त्यामुळे ४० गॅलनचे सुमारे ३३४ पौंड झाले. आपल्या बांधणीच्या बऱ्याच ट्रेलरांत टाकी आसाच्या मागे असते, आणि ती चार फूट मागे असेल तर आणखी ८४ पौंड उचलले गेले. उरले ५६४. एकूण वजन मात्र ६,४७४ पर्यंत वाढले, म्हणजे टंगचा वाटा पावणेतेरा टक्क्यांवरून पावणेनऊ टक्क्यांवर घसरला. आदल्या दिवशी काट्यावर शहाण्यासारखा वागलेला ट्रेलर दुसऱ्या दिवशी का बिथरला, याचे उत्तर या एका घसरणीत आहे.

दांड्या ताणून हा दोष जाणार नाही. त्या टंगवर असलेला भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटतात, नसलेला भार निर्माण करू शकत नाहीत. उलट त्या प्रमाणाबाहेर ताणल्या तर गाडीचा मागचा आस हलका होऊन आपली रस्त्यावरची पकड आणखी कमी होईल.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त गंभीर वाटते. आपण सहा जण मिळून किती पौंड होता हे लिहिले नाही. टंग वेट हे गाडीच्या दृष्टीने सामानच असते आणि ते १,५८० मधूनच वजा होते. हिचचे लोखंडही त्यातच येते. म्हणून मागचे सामान उचलून सरळ पुढे टाकण्याचा मोह आवरावा.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आम्ही सहा जण मिळून ७०० पौंड आहोत आणि हिचचा सांगाडा ९० पौंडांचा आहे. म्हणजे ७६० चा टंग धरला तर १,५५० झाले आणि डिकीसाठी जेमतेम ३० पौंड उरतात! आतापर्यंत आठ हजारांच्या आकड्याकडे पाहून मी निश्चिंत होतो. अंतरे मोजली असता ती आपल्या अंदाजाप्रमाणेच निघाली, आणि टाकीही आसामागे चार फुटांवरच आहे.

प्रतिसाद २

डोलण्याचा प्रश्न सुटला तरी सायकली त्या बंपरवर ठेवू नका. बहुतेक ट्रेलरांचा मागचा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ पत्रा असतो आणि त्याच्या पोटात सांडपाण्याची नळी ठेवायची सोय असते. आस हा तरफेचा मध्य मानला तर मागचे टोक प्रत्येक खड्ड्यावर सर्वांत जास्त उसळते आणि तेथे टांगलेले वजन त्या पत्र्याच्या वेल्डिंगला सतत पिळत राहते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा बंपर सायकलींसह नेब्रास्कात महामार्गावर गळून पडला. मागून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. सांगाड्याच्या मुख्य पट्ट्यांना जोडलेला रिसीव्हर (रॅक अडकवायची लोखंडी खोबण) बसवता येतो, पण तेव्हाही ट्रेलरमागे वापरण्यास परवानगी असलेलाच रॅक घ्यावा लागतो. अनेक रॅकच्या पुस्तिकांत तशी मनाई स्पष्ट छापलेली असते. आणि रिसीव्हर कितीही भक्कम असला तरी तरफेचा हिशेब तोच राहतो.

आम्ही सायकली ट्रेलरच्या आत, आसाच्या वरच्या जमिनीवर, हँडल वळवून आणि पेडल काढून नेतो. खाली जुनी गोधडी आणि मध्ये जुन्या चादरी घालतो, आणि पट्ट्यांनी डिनेटच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या, पायांना बांधतो. मुक्कामी पोचल्यावर आधी सायकली बाहेर काढल्याशिवाय चहा करता येत नाही, ही एक गैरसोय आहे.

प्रतिसाद ३

घरापासून टाकी भरून नेण्याची गरज नाही. मॅडिसनला पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. वाटेत हात धुण्यापुरते आणि शौचालयापुरते दहा गॅलन ठेवा, कोल्टर बेहून निघताना टाकी भरा आणि तो शेवटचा टप्पा सावकाश पार करा. तेथपर्यंत धान्यही बरेचसे संपलेले असेल.

जनरेटरबाबत माझे मत कडक आहे: पेट्रोल भरलेला जनरेटर ट्रेलरच्या आत नको आणि माणसांसोबत एसयूव्हीत तर मुळीच नको. पिकअप असती तर प्रश्नच नव्हता. तो पुढे प्रोपेनच्या टाक्यांजवळ बसवला तर त्याचे जवळजवळ सगळे वजन टंगवर येईल. आपल्याला तो न्यायचाच असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून, गार झाल्यावर डिकीत ठेवा आणि पेट्रोल यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुलच्या पंपावर घ्या. मॅडिसनला जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेतच चालवता येतो, त्यामुळे रात्रीच्या थंडीत तो तसाही कामाला येणार नाही. रात्री ट्रेलरची भट्टी प्रोपेनवर चालते आणि तिच्या पंख्याला बॅटरी लागते. म्हणून एक चांगली लिथियम बॅटरी आणि घडीचे सौर पॅनेल हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो.

आणखी एक, सरपण येथून भरून नेऊ नका. ते जड तर असतेच, शिवाय त्यातून झाडांना लागणारी कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाते.

प्रतिसाद ४

टाकी एक तर पूर्ण भरावी किंवा पूर्ण रिकामी ठेवावी, असे मी नेहमी ऐकत आलो आहे. अर्धवट टाकीत पाणी हिंदकळते आणि तेही ट्रेलरला हलवते.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

निम्म्या टाकीबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. परंतु दहा गॅलन म्हणजे ८३ पौंड, आणि सहा हजारांच्या ट्रेलरमध्ये त्यांचे हिंदकळणे जाणवणार नाही. काठोकाठ टाकीने मागे ओढलेले ३३४ पौंड त्यापेक्षा केव्हाही वाईट.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वरील सूचनांत एकाची भर घालतो. आपल्या मातोश्रींचे ९० पौंड पुढच्या स्टोरेजमध्ये, म्हणजे आसापुढे सुमारे १२ फुटांवर आहेत. तेच सामान स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या कपाटात, आसाजवळ, हलवले तर टंगवरून सुमारे ६० पौंड उतरतील आणि तेवढी जागा गाडीत मोकळी होईल. सगळे हलवून झाल्यावर पुन्हा काट्यावर जा. एकदा दांड्या लावून, एकदा त्या काढून आणि एकदा एकट्या गाडीचे, अशी तीन वजने घ्या. तिन्ही वेळा सहाही जण गाडीतच बसलेले असावेत, नाहीतर वजाबाकी चुकते. दांड्या काढलेल्या स्थितीत गाडीच्या दोन्ही आसांची जी बेरीज येईल, तिच्यातून एकट्या गाडीचे वजन वजा केले की टंग मिळतो. दांड्या लावलेल्या चिठ्ठीवर मागच्या आसाचा आकडा दाराच्या चौकटीवर दिलेल्या आसाच्या मर्यादेशी ताडून पाहा, कारण तीन रांगांच्या गाडीत बहुतेक वेळा पहिली हरकत तोच आस घेतो.

प्रवासाला निघण्यापूर्वी ट्रेलरच्या टायरांची हवा टायर थंड असताना तपासा, आणि टायरांवरची वेगमर्यादा वाचा. पुष्कळ ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांपुरतेच असतात. वायोमिंगमध्ये आय-८० वर ताशी ७५ ची पाटी दिसली तरी ती आपल्यासाठी नाही. लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या मध्ये, एल्क माउंटनच्या परिसरात, आडवा वारा इतका असतो की हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद केला जातो. तेथे सकाळी लवकर निघालेले बरे.

धागाकर्ता

सर्वांच्या सूचनांप्रमाणे फेरफार करून काल पुन्हा काट्यावर जाऊन आलो. रॅक काढून टाकला. चार सायकली, १२० पौंड, आत आसाच्या थोड्या पुढे आडव्या केल्या आहेत. पाणी दहा गॅलन. धान्य ओट्याखाली गेले, आणि खलबत्ता मागेच राहावा हा माझा प्रस्ताव आईने एका वाक्यात निकाली काढला, म्हणून तोही ओट्याखालीच आहे. ट्रेलर ६,१६० पौंड भरला आणि टंग ७०० आला, म्हणजे सव्वाअकरा टक्क्यांच्या वर. गाडीचे गणित आता ७००, ७०० आणि ९० असे १,४९० वर आले असून ९० पौंड शिल्लक आहेत. मागच्या आसाचा आकडाही मर्यादेत आहे. जनरेटर न नेण्याचे ठरले. त्याऐवजी बॅटरी बदलली, आणि त्या ९० पौंडांत सर्वांचे जॅकेट, शीतपेटी आणि बाबांची औषधांची पिशवी बसते.

त्याच रस्त्यावर त्याच वेगाने परत एक फेरी मारली. दोन मोठे ट्रक शेजारून गेले, तेव्हा पहिल्यासारखाच किंचित ढकलल्यासारखा झटका बसला, पण शेपटी लगेच मागे येऊन सरळ झाली. बाबा या वेळी झोपले होते.

एक शंका मात्र राहिली आहे. डुबॉइसहून पुढे टोगोटी खिंडीचा चढ साडेनऊ हजार फुटांच्या वर जातो आणि त्यापलीकडे लांब उतार आहे. त्या उतारावर आमच्या गाडीचा टो-हॉल मोड (ओझे ओढताना लावायची गिअरची सोय) आपोआप गिअर उतरवतो, तेवढ्यावर विसंबावे, की उतार सुरू होण्याआधी हातानेच गिअर खाली आणावा? त्या वाटेने ट्रेलर नेलेले कोणी असल्यास कृपया लिहावे. रविवारी पहाटे निघत आहोत.

प्रतिसाद २

हाताने, आणि माथ्यावर असतानाच. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढू लागला की ब्रेक एकदा दमदार दाबून ताशी पाच-सात मैल कमी करा आणि पाय पूर्ण उचला. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर खाली मोरानला पोचेपर्यंत जळका वास येईल.