सग्वारो निवडुंगाच्या खोडातून काळं पाणी गळतंय, उपाय काय?

अंगण_फिनिक्स: नर्सरीतून आणून 2 वर्षांपूर्वी लावलेला सग्वारो (अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातला खांबासारखा उंच निवडुंग). उंची 8 फूट, हात (बाजूच्या फांद्या) एकही नाही. जमिनीपासून वीतभर वर तळव्याएवढा तपकिरी डाग पडलाय आणि त्यातून काळं, घाण वासाचं पाणी येतंय. खोडाच्या घड्या आत ओढल्यात, दक्षिणेची बाजू पिवळट झालीय. दर आठवड्याला बुंध्याशी पाइप सोडतो. पाणी कमी पडतंय का? आणि हात कधी फुटणार?

काटेरी: कमी नाही, जास्त, तेही चुकीच्या जागी. सग्वारोचं सोटमूळ जेमतेम दोन फूट जातं. बाकीची मुळं जमिनीच्या वरच्या काही इंचांत, झाडाच्या उंचीइतकी लांब पसरतात. पाणी पिणारी तीच.

खोडाच्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या असतात, पाणी मिळालं की फुगतात. दर आठवड्याला पाणी देऊनही त्या आतच असतील तर मुळं कुजली असण्याची शक्यता मोठी. आत्ता पाणी पूर्ण बंद करा. डाग बरा झाल्यावर कोरड्या उन्हाळ्यात 3–4 आठवड्यांनी एकदा द्या, बुंध्यापासून 3–4 फूट लांब, गोल फिरवून. हिवाळ्यात देऊच नका.

खोडवैद्य: काळं पाणी म्हणजे जिवाणूंची कूज. कोरडा दिवस बघून सुरी ब्लीचमध्ये बुडवून घ्या आणि मऊ, काळा गर पूर्ण काढा. कडक, फिकट हिरवा गर लागल्यावरही अर्धा इंच पुढे जा. इथे हात आखडला तर कूज परत येते. मग 1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी घेऊन जखम धुवा. खालची कड बाहेर उतरती कापा, नाहीतर पावसाचं पाणी आत साठतं. सिमेंट, मेण, फोम काही भरू नका. झाड स्वतःच बुचासारखा थर धरतं. सुतारपक्ष्यांनी कोरलेली ढोलीसुद्धा ते अशीच आतून बंद करतं.

मात्र कूज निम्म्या घेराला पोचली असेल तर हात लावू नका. फुटाला साधारण 35–40 किलो वजन असतं, म्हणजे तुमचा जवळपास 300 किलोंचा. जाणकार माणूस बोलवा.

काटेरी: पिवळेपणाचं राहिलं. नर्सरीत जी बाजू दक्षिणेला होती तीच लावतानाही दक्षिणेला हवी. सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आली की भाजते. उन्हाळाभर त्या बाजूला शेडनेट बांधा.

अंगण_फिनिक्स: आणि हात?

खोडवैद्य: 50 ते 75 वर्षांनी, कोरड्या भागात 100 सुद्धा. काही खांब जन्मभर बिनहाताचेच राहतात, तो रोग नव्हे. फुलं मात्र याच उंचीला सुरू होतात, मे महिन्याच्या आसपास. रात्री उमलतात, दुसऱ्या दुपारी मिटतात. फळ धरायला दुसऱ्या सग्वारोचे पराग लागतात.

बुंध्याशी आपल्याकडचं अंजन गवत उगवलं असेल तर मुळासकट उपटा. गुरांसाठी अमेरिकेत नेलेलं ते गवत वाळलं की भडकतं, आणि सग्वारोला आग सोसत नाही.