सेवेत असलेल्यांची मुलं : तुमच्या घरातले अनुभव लिहा

पाळकीणबाई, नागपूर
सगळ्यांना जय ख्रिस्त. आम्ही दोघं पंधरा वर्षं रेल्वेलाइनजवळच्या एका झोपडपट्टीत सेवा करतो, राहतोही तिथेच. सेवेची हाक आम्हाला आली होती, मुलांना नाही, हे मला उशिरा कळलं. एप्रिल संपता संपता पारा 44 वर गेला. गल्लीत कूलर आमच्याकडेच, म्हणून बाळंतिणी, तान्ही पोरं, म्हातारी माणसं रात्री आमच्या पुढच्या खोलीत निजायला यायची. मोठीची नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, आठवड्यावर आलेली. दिव्याचा उजेड कुणाच्या डोळ्यांवर नको म्हणून ती मोरीच्या दारात स्टूल टाकून अभ्यास करायची. मी कौतुकाने चार जणांना सांगितलंही. परीक्षा झाल्यावर ती म्हणाली, "आई, तू त्यांना बोलावलंस ते बरोबरच होतं. पण मला एकदा विचारायचं होतंस." आता विचारते. कधी ती नाही म्हणते, मग कुणाला तरी दारातून परत पाठवावं लागतं. फार जड जातं. तुम्ही काय करता? मोठ्या झालेल्या मुलांनीही लिहावं.

मिशन कंपाउंडातला मुलगा, वय 52
बाबा चर्चचे पाळक. तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली, दहावीपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या. नाताळात कपड्यांचा गठ्ठा आला की आधी वस्तीतली मुलं निवडत, उरलेलं आम्हाला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते याचं, की बाबा कुणाच्याही आजारपणात उशाशी बसायचे आणि मला गोवर आला तेव्हा दौऱ्यावर होते.

स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याची गोष्ट बाबा फार रंगवून सांगत. 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आला, शाळा काढली, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडाला. एकदा मी विचारलं, "त्याला पोरं होती का?" बाबांना सांगता आलं नाही. बराच वेळ गप्प बसले. त्या संध्याकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवून फुटाळा तलावावर नेलं, भुट्टा घेऊन दिला. आम्ही दोघंच, अशी तेवढीच एक संध्याकाळ मला आठवते.

नर्स, कुष्ठरोग रुग्णालयाच्या क्वार्टरमधून
माझा मुलगा तिसरीत असताना काही पालकांनी शाळेत सांगितलं, याला आमच्या पोरांशेजारी बसवू नका. तो घरी येऊन आंघोळच करत बसला, दोनदा. अजून ते आठवलं की घशाशी येतं. उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो, गोळ्यांचा कोर्स 6 किंवा 12 महिन्यांचा आणि मोफत, हे मी शिकल्यासवरल्या माणसांना समजावत होते! शेवटी वर्गशिक्षिकेला जेवायला बोलावलं. त्या आल्या, वॉर्डातही फिरल्या, रुग्णांशी बोलल्या. मुलाची जागा बदलली नाही.

दोन लेकरांची आई, सदर, नागपूर
तब्येतीचं थोडं लिहिते. घरात नेहमी येणाऱ्या कुणाला क्षयरोग निघाला तर पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी करून घ्या. रोग नसला तरी प्रतिबंधक औषध देतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. खरूज झाली तर अख्ख्या घराने एकाच दिवशी मलम लावायचं, नाहीतर ती फिरत राहते.

कार्यकर्त्यांची मुलगी
मी ख्रिस्ती नाही, आईवडील वस्तीत काम करायचे. आमच्याकडे भांडण शाळेवरून. हेमलकशात प्रकाश आणि मंदाताई आमट्यांची मुलं माडिया मुलांसोबत तिथल्याच आश्रमशाळेत शिकली, म्हणून बाबांचा हट्ट महापालिकेच्या शाळेचा. आईला कॉन्व्हेंट हवं होतं. मी महापालिकेच्या शाळेत गेले, मैत्रिणी जिवाभावाच्या मिळाल्या. पण गणिताला दोन वर्षं शिक्षकच नव्हता. बाबांनी रोज रात्री एक तास मला आणि मैत्रिणींना शिकवलं, एकही दिवस चुकवला नाही. तो तास नसता तर मी त्यांच्या हट्टाला आज माफ केलं असतं का, सांगता येत नाही.

वरच्या पाळकीणबाईंची मोठी
आईने फोनवर हा धागा वाचायला दिला. नंबर लागला नाही, पुन्हा परीक्षा देतेय. कूलरचा त्यात दोष नाही, माझं रसायनशास्त्र कच्चं होतं. आई, या उन्हाळ्यात पुढची खोली सगळ्यांना उघडी ठेव. मागच्या खोलीला आतून कडी बसवून दे, आणि तो टेबललॅम्प तिथे.