इन्स्क्रिप्ट चालू असताना व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+स्लॅश चालत नाही

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठी गणिताचं अ‍ॅप करतेय. शाब्दिक उदाहरणं, सूचना, उत्तर चुकलं तर दिसणारे संदेश, सगळं मराठीत आणि सगळं जावास्क्रिप्टच्या फाइलींतच, कोडला खेटून. त्यामुळे सारखा कीबोर्ड बदलावा लागतो. उबुंटू, मराठी इन्स्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराची बटणावर ठरलेली जागा असलेला कीबोर्ड), बदलायला सुपर (विंडोजचं बटण)+स्पेस, कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड.

मराठी चालू असताना कंट्रोल+एस, सी, झेड बिनबोभाट चालतात. पण कंट्रोल+/ ने ओळ कमेंट (प्रोग्रामने वगळावी अशी) होत नाही आणि कंट्रोल+[ किंवा कंट्रोल+] ने ओळ आतबाहेर सरकत नाही. इंग्रजीवर आलं की तिन्ही चालू. म्हणजे उदाहरण लिहिता लिहिता वरची ओळ कमेंट करायची तर आधी सुपर+स्पेस, मग कमेंट, मग पुन्हा सुपर+स्पेस. यातलं एखादं राहिलं की 'कॉन्स्ट' लिहायला जावं आणि स्क्रीनवर 'मदलेू' उमटावं. दिवसभर हेच चाललंय, लिहिण्याची तंद्रीच लागत नाही.

फोनेटिक (रोमन स्पेलिंगने मराठी उमटवणारा कीबोर्ड) घ्या असं कृपया सुचवू नका. इन्स्क्रिप्टवर बोटं बसली आहेत, आणि 'दुसऱ्या टोपलीत किती आंबे' मधला ऱ शिफ्ट+जे वर एका फटक्यात मिळतो. तो मला सोडायचा नाही.

उबुंटूवाला:

सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड डिस्पॅच' शोधा, 'कोड'च्या जागी 'कीकोड' करा, एडिटर बंद करून पुन्हा उघडा. लिनक्सवर शॉर्टकट बिघडले की मी आधी हेच करून बघतो.

कंसातला_कंस:

मी ते सेटिंग आहे तसंच ठेवेन. त्याने सगळेच शॉर्टकट वेगळ्या पद्धतीने ओळखले जातात, आणि तुमचं अडलंय फक्त तीन बटणांवर.

आधी नक्की काय होतंय ते डोळ्यांनी बघा. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून 'टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग' निवडा. खाली आउटपुट उघडेल. आता मराठी चालू ठेवून कंट्रोल आणि स्लॅशचं बटण दाबा. कुठलं बटण दाबलं गेलं, एडिटरने त्याचा काय अर्थ लावला, त्याला जोडलेली कमांड सापडली की नाही, हे तिथे ओळीने येतं. बघून झालं की तीच कमांड पुन्हा दिल्यावर बंद होतं.

इन्स्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या बटणावर य आहे, [ वर ड, ] वर नुक्ता (अक्षराखालचं टिंब). 'कंट्रोल+/' हा नियम स्लॅश हे चिन्ह देणारं बटण शोधतो, आणि या लेआउटवर स्लॅश त्या जागी नाहीच. मग एस, सी, झेड कसे चालतात? लेआउटमध्ये रोमन अक्षरं नसतील तर ए ते झेडसाठी एडिटर अमेरिकी कीबोर्डवरच्या जागा धरून चालतो. तुमच्या वर्णनावरून चिन्हांना ती सवलत मिळत नाहीये.

तेव्हा नियमात चिन्हाऐवजी बटणाची जागा द्या. कंट्रोल+शिफ्ट+पी मधूनच 'ओपन कीबोर्ड शॉर्टकट्स' उघडा, पण ज्याच्यापुढे जेसॉन लिहिलंय तो. त्या फाइलीत एक नियम घाला (प्रत्यक्षात अर्थात रोमन लिपीत):

की: "कंट्रोल+[स्लॅश]"
कमांड: "एडिटर.अ‍ॅक्शन.कमेंटलाइन"
व्हेन: "एडिटरटेक्स्टफोकस && !एडिटररीडओन्ली"

सगळी मेख त्या चौकोनी कंसात आहे. कंसातलं नाव म्हणजे कीबोर्डवरची जागा. तिथून य उमटो नाहीतर स्लॅश, नियम लागू होतो. याच धर्तीवर [ब्रॅकेटराइट] ला 'इंडेंटलाइन्स' आणि [ब्रॅकेटलेफ्ट] ला 'आउटडेंटलाइन्स' जोडा. 'व्हेन'ची अट मनाने लिहू नका. कंट्रोल+के, कंट्रोल+एस दाबल्यावर जी यादी येते तिच्यात मूळ नियमाची अट शेजारच्याच रकान्यात असते, ती तशीच उचला. मूळ नियम पुसायची गरज नाही. एडिटर नियम खालून वर तपासतो आणि पहिला जुळणारा घेतो. तुमचे नियम मूळ नियमांच्या खाली धरले जातात, त्यामुळे आधी तेच बघितले जातील.

मावळती_टेकडी:

कुणी ईमॅक्स हा एडिटर वापरत असेल तर: ऑपरेटिंग सिस्टिमचा कीबोर्ड कायम इंग्रजी ठेवा आणि ईमॅक्सची स्वतःची 'देवनागरी-इन्स्क्रिप्ट' ही इनपुट मेथड निवडा. कंट्रोल+बॅकस्लॅशने ती चालू-बंद होते. मराठी फक्त मजकुरात उमटतं, कंट्रोल आणि मेटाच्या जोड्यांना इंग्रजी बटणंच दिसतात, त्यामुळे हा घोळ होतच नाही. व्हीएस कोडमध्ये विम या दुसऱ्या एडिटरचं एक्स्टेंशन वापरणाऱ्यांसाठी 'ऑटो स्विच इनपुट मेथड' आहे. इन्सर्टमधून (मजकूर लिहिण्याच्या) नॉर्मल (आज्ञा देण्याच्या) मोडमध्ये आलं की ते इंग्रजी लेआउट परत आणतं.

पाटीपेन्सिल:

कंसातला_कंस, तिन्ही चालले! ट्रबलशूटिंगमध्ये आधी कमांडच सापडत नव्हती, आता लगेच सापडते. मनापासून आभार. आता एकच विचारते: ऑफिसात मॅक आहे. सेटिंग्ज सिंक (सेटिंग्ज दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेणारी व्हीएस कोडची सोय) चालू केलं तर हे नियम तिकडे जातील का?

कंसातला_कंस:

नाही जाणार. सिंकमध्ये शॉर्टकट प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचे वेगळे राहतात, मुळात सेटिंगच तसं असतं. आणि तसंच राहू द्या, कारण मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड येतं. तिकडचे नियम हाताने लिहा, चौकोनी कंस तसेच. मॅकवर आणखी एक गोष्ट तपासा: कंट्रोल+स्पेसने सिस्टिम भाषा बदलते आणि व्हीएस कोडमध्ये सजेशन्स उघडायलाही तेच आहे. सिस्टिमचा शॉर्टकट चालू असेल तर बटण एडिटरपर्यंत पोचतच नाही. एडिटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी उपयोग होणार नाही, तो सिस्टिम सेटिंग्जमध्येच बदलावा लागेल. तोवर सजेशन्ससाठी ऑप्शन+एस्केप वापरा.