डेन्मार्क: चित्रकलेच्या मास्तरांना कुठली कलासंग्रहालयं दाखवावीत?

कृष्णाकाठ:
जूनमध्ये बाबांना डेन्मार्कला आणतेय. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत त्यांनी ३१ वर्षं चित्रकला शिकवली, किती पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली. सुट्टी लागली की वाईच्या घाटावर जलरंगांची पेटी घेऊन बसायचे. युरोपातली चित्रं मात्र आजवर पुस्तकातच पाहिलीत. वय ७१, गुडघे दुखतात. सहा दिवस आहेत, मुक्काम कोपनहेगनला. माझी यादी अकरा संग्रहालयांवर गेलीय. काय ठेवू, काय काढू?

सायकलवाली:
आधी वार बघा. इथली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. पाऊस लागला तर ग्लिप्टोटेक गाठा. कार्ल याकोबसेन या बिअर कारखानदाराचा संग्रह आहे, शिल्पं भरपूर. मधोमध काचेच्या घुमटाखाली ताडामाडांची बाग, तिथे निवांत बसता येतं.

उत्तरेकडचा:
अकरा नकोत. दिवसाला एकच धरा. मी नऊ वर्षं आरहूसला आहे. आई आली तेव्हा तिला एका दिवसात तीन ठिकाणी फिरवलं, आणि रात्री जेवताना तिला एकही चित्र धड आठवेना. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हुम्लेबेकचं लुईझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय हवंच. कोपनहेगनहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत, स्टेशनपासून थोडी चाल. १९५८ साली उघडलं. मूळ बंगला बांधणाऱ्याच्या तिन्ही बायकांचं नाव लुईझ, म्हणून हे नाव. शिल्पकार जाकोमेट्टीची काटकुळी माणसं तळ्याकडच्या उंच काचेपुढे उभी आहेत, तिथे काकांना घाई करू नका. बाहेर हिरवळीवर काल्डरची शिल्पं, मग समुद्र, पलीकडे स्वीडन. मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं. दुपारी विश्रांती घेऊन चारला निघालात तरी चालेल, जूनमध्ये उजेड संपत नाही.

कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात मातीसने १९०५ साली काढलेलं बायकोचं व्यक्तिचित्र आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ हिरवा पट्टा! सावली काळ्या रंगाने नव्हे, रंगानेच दाखवायची, हे मास्तरांनी वर्गात शंभरदा सांगितलं असेल. तिथेच डॅनिश चित्रकार हामर्सहॉय बघा. राखाडी भिंती, उघडी दारं, पाठमोरी उभी ईडा, त्याची बायको. १८९८ ते १९०९ तो कोपनहेगनमधल्या ‘स्ट्रँडगेड ३०’ या पत्त्यावरच्या घरात राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तो आवडला तर शहराबाहेर ऑर्ड्रुपगार्ड या कलासंग्रहालयात जा. तिथलं १९०० सालचं एक चित्र: रिकामी खोली, बंद दार, खिडकीतून तिरपं ऊन आणि उन्हात तरंगणारी धूळ. बस, एवढंच. मी त्यापुढे उभा राहिलो तेव्हा आजोळच्या माजघरातली दुपार आठवली.

पण माझं खरं सांगणं स्कागेनचं आहे. देशाचं अगदी उत्तर टोक, रेल्वेने सहा तासांच्या आसपास, फ्रेडरिक्सहाव्हनला गाडी बदलायची. दोन दिवस जातील, जाऊ द्या. १८७० नंतर तिथल्या कोळ्यांच्या गावात चित्रकार येऊन राहू लागले. सगळे बाहेरचे, अँना आंकर तेवढी गावातलीच, तिथल्या हॉटेलवाल्याची मुलगी. मुलींना तेव्हा कोपनहेगनच्या कला अकादमीत प्रवेश नव्हता. तिने १८९१ साली ‘निळ्या खोलीतलं ऊन’ काढलं. तिची लहानगी लेक खुर्चीत विणकाम करत बसलीय, तोंड आपल्याकडे नाही. खिडकीचं ऊन समोरच्या निळ्या भिंतीवर पडलंय आणि त्यात खिडकीची सावली. जवळ जाऊन पाहिलं तर ऊन म्हणजे पिवळसर रंगाचे जाडसर फटकारे, दोन पावलं मागे आलात की भिंत तापलेली वाटते. घाटावर बसून पाण्यावरचं ऊन पकडू पाहणाऱ्या माणसाने हे बघायलाच हवं. चित्रं कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, म्हणून निघण्याआधी ते स्कागेनच्या संग्रहालयात जागेवर आहे ना, एवढं त्यांना मेल करून विचारा.

जाताना आरहूसला उतरलात तर तिथल्या आरोस कलासंग्रहालयाच्या गच्चीवर कलाकार ओलाफुर एलियासनचा रंगीत काचांचा गोल मार्ग आहे. छान आहे, पण गुडघे थकले असतील तर राहू द्या.

कृष्णाकाठ:
खूप आभार! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “त्या सावलीत निळ्याबरोबर जांभळा आहे का, विचार.” आता स्कागेन ठरलंच. लुईझियाना, राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि स्कागेन, बाकी सगळं काढलं. वही-पेन्सिल आत नेऊ देतात का?

उत्तरेकडचा:
मी पेन्सिलीने काढत बसलोय, कुणी हटकलं नाही. तरी दारात विचारा. रंग मात्र बाहेरच. जलरंगांची पेटी स्कागेनच्या किनाऱ्यासाठी जरूर आणा, सूर्य मावळला की वाळू आणि समुद्र दोन्ही निळे होतात. आणि हो, जांभळा आहे.