यूके स्पाउस व्हिसा: मिस्टरांनी नोकरी बदलली, २९,००० चं आता कसं?

मोगरा_८:
नमस्कार मंडळी, माझे मिस्टर यूकेत आहेत, त्यांना आयएलआर (तिथे कायम राहायची परवानगी) मिळालाय, मी अजून भारतातच. स्पाउस व्हिसासाठी वर्षाला २९,००० पाउंड उत्पन्न दाखवावं लागतं. जुन्या नोकरीत वर्षाला २७,५०० पाउंड होते, ते कमी पडत होते म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ३१,००० ची नोकरी धरली. आता लगेच अप्लाय केलं तर चालेल ना? माझा इथला पगार पण धरतात का? आणि बाबा म्हणतायत गरज असेल तर मी पैसे टाकतो तुझ्या खात्यात. खरं सांगायचं तर असं लांब लांब राहणं आता नको झालंय, पण रिफ्युजल आलं तर अजूनच वाईट.

टेम्सकाठ:
ताई, आत्ता नका करू. नोकरीचं उत्पन्न दाखवायच्या दोन पद्धती आहेत, कॅटेगरी ए आणि बी. ए ला एकाच एम्प्लॉयरकडे सहा महिने व्हायला लागतात आणि ते तुमचे झालेले नाहीत. राहिली कॅटेगरी बी, त्यात आजचा पगार २९,००० च्या वर पाहिजे, तो आहे, पण मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेली ग्रॉस (टॅक्स कापायच्या आधीची) कमाई पण २९,००० भरायला पाहिजे, आणि लोक इथेच अडकतात. तुमचा हिशोब करून बघा, जुन्या पगाराचे १० महिने म्हणजे साधारण २२,९१७ आणि नव्याचे दोन म्हणजे ५,१६७, बेरीज २८,०८४ च्या आसपास. थोडक्यात राहतंय. ओव्हरटाइम किंवा बोनस मिळाला असेल आणि स्लिपवर दिसत असेल तर तो बेरजेत धरून बघा, नाहीतर बी मधून बसेपर्यंत सहा महिने होतच येतील, मग सरळ ए मधूनच करा. तुमचा भारतातला पगार यात धरत नाहीत, कितीही असला तरी. मला हा नियम फार कठोर वाटतो, एप्रिल २०२४ पर्यंत १८,६०० होतं ते एकदम २९,००० केलं, कितीतरी जोडपी त्यात अडकलीत.

आईबाबा_लंडन:
बाबांच्या पैशांबद्दल. भेट म्हणून दिले तर चालतात, उसने चालत नाहीत, आणि तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर सहा महिने राहायला लागतात. नुसत्या सेव्हिंगवर करायचं तर ८८,५०० पाउंड लागतात. पगार कमी असेल तर जेवढे कमी त्याच्या अडीचपट अधिक १६,०००. तुमच्या केसमध्ये सहा महिन्यांनी हे काहीच लागणार नाही, मग बाबांना कशाला त्रास.

मोगरा_८:
खूप खूप आभार, जीवात जीव आला. मग चार महिने थांबतो. मधे ते बिनपगारी रजा घेऊन इकडे यायचं म्हणतायत, चालेल?

टेम्सकाठ:
बिनपगारी नकोच, पगारी सुट्टी शिल्लक असेल तर ती घ्यायला सांगा. ए मध्ये सगळ्यात कमी पगाराचा महिना धरून हिशोब होतो, महिन्याला साधारण २,४१७ ग्रॉसच्या खाली एकही स्लिप जायला नको. सहाही स्लिप आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट जपून ठेवा, स्लिपवरचा नेट (टॅक्स वगैरे कापून उरलेला) आकडा खात्यात तसाच जमा झालेला दिसला पाहिजे. एम्प्लॉयरचं लेटर पण लागेल, त्यात पद, पगार, कधीपासून कामाला आहेत, हा पगार कधीपासून मिळतोय आणि नोकरी पर्मनंट का काँट्रॅक्टची, सगळं लिहून घ्या. शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतलं पाहिजे, म्हणून सहावी स्लिप हातात आली की फार दिवस घालवू नका.