मदत हवी आहे: कांचनाची रोपं कोण छाटतंय, ससा की शेळी?

माळावर जुलैत कांचनाची 40 रोपं लावली आहेत, दीड-दोन फुटांची. त्यातली 11 रात्रीतून वीतभर उंचीवर कापली गेली. काप तिरका, कोयत्याने मारल्यासारखा. शेंडे तिथेच पडलेले. शेजारच्या बहाव्याला धक्काही नाही. ससा असेल तर बिळं कुठे शोधू? कापलेली रोपं उपटून नवी लावू का?

रानवाट:
ससाच. शेळीला वरचे पुढचे दात नसतात. ती पाला ओढून तोडते, टोकाला सालीचे धागे लोंबतात. सशाचे वरखालचे दात कात्रीसारखे चालतात, म्हणून काप स्वच्छ, साधारण 45 अंशांत. उंदीरही तिरकं कापतो, पण त्याच्या दातांच्या बारीक रेघा दिसतात. लेंड्या बघा: शेळीच्या लांबट, गुळगुळीत, सशाच्या गोल, जरा चपट्या, फोडल्यावर आत गवताचा भुसा. बहाव्याला गुरं-शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो वाचला यावरून काही ठरत नाही.

बिळं शोधू नका. आपला काळ्या मानेचा ससा बीळ करतच नाही, गवतात दबून बसतो. बीळ खणणारा ससा विलायती. मराठीत दोघांना एकच शब्द, म्हणून हा घोटाळा होतो. आणि फासा किंवा विष अजिबात नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.

बीजांकुर:
रोपं उपटू नका! मुळं शाबूत आहेत, कांचन खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो. फुटवे बोटभर झाले की सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीचे काढा. काप बीजपत्रांच्या (रोप उगवताना येणाऱ्या पहिल्या जाड पानांच्या) खुणेखाली असेल तर मात्र डोळाच उरत नाही, तेवढीच रोपं बदला.

फुटव्याआधी जाळी लावा, कोवळा कोंब ससा पुन्हा खातो. 3 फुटी कोंबडीजाळी, भोक 1 इंच, दर रोपाला 1 मीटर तुकडा. त्याचं फूटभर व्यासाचं नळकांडं होतं. खालची 15 सेंमी जाळी बाहेर दुमडून वर दगड ठेवा. बांबूच्या दोन काठ्या पुरतात. प्लॅस्टिकची जाळी तो कुरतडतो.

धागाकर्ता:
धन्यवाद! बाभळीच्या फांद्या लावल्या तर चालेल का?

बीजांकुर:
शेळीसाठी चालतील. ससा खालच्या फटीतून घुसतो. जाळीच लावा, आणि शेंडा मीटरभर वर जाऊन खोड अंगठ्याएवढं होईपर्यंत काढू नका.